दातात धरलेला पेचकस

बाबांना ऐकू येत नाही ही गोष्ट वाडीत तिघांनाच माहीत होती. बाबांना, मायला आणि मला. बहिरा शिंपी चालतो, बहिरा न्हावी तर लोकांना आवडेलही, पण बहिऱ्या मिस्त्रीजवळ आपलं इंजिन कोण सोडेल? इंजिनचा आजार आवाजात असतो. आणि माझ्या बापाचे दोन्ही कान लहानपणापासून वाहून वाहून बंद पडत आले होते. मी चौथी पास होऊन घरी बसले त्या उन्हाळ्यात समोर उभं राहून ओरडलं तर त्यांना ऐकू यायचं. मग पावसाळे गेले तसं तेही गेलं. निभलं ते जागेमुळे. नागपूरहून निघालेल्या अमरावती रोडला लागून गोडाऊनं, दिवसभर ट्रकांची ये-जा, हमालांचा आरडाओरडा, हॉर्न. त्या गोडाऊनांच्या मागे आमची टिनाची शेड आणि शेडला चिकटून एक खोली. तिथं सगळेच ओरडून बोलायचे, त्यात एक माणूस नुसता ओठ पाहून राहिला आहे हे कोणाच्या लक्षात येणार?

एवढे ट्रक दारात असून बाबा डिझेलला हात लावत नसत. फक्त छोट्या पेट्रोल गाड्या. त्यांचं म्हणणं असं होतं की डिझेल म्हणजे बैल, दुखलं की बसतो. पेट्रोल इंजिन म्हणजे घरातली सून. काय दुखते ते सांगत नाही, भांडे आपटते. ती भांडी कशी आपटली जातात हे मला त्यांनीच शिकवलं, ऐकू येत होतं तेव्हा. झडपांची फट जास्त झाली की वरून टिकटिक, शिलाई मशीन चालल्यासारखी. चढावावर खडे खळखळल्यासारखा आवाज आला तर ठिणगी वेळेच्या आधी पडते आहे. आणि खालून ठक ठक असा जाड ठोका आला, तर बेअरिंग गेलं, गाडी तिथंच उभी करायची, घरापर्यंतसुद्धा न्यायची नाही. त्या गाड्यांचं इंजिन चार सिलिंडरचं, अकराशे सीसीच्या आतबाहेर, एकच कार्ब्युरेटर. ठिणगी पडायची ती एक, तीन, चार, दोन अशी. मला शाळेतले पाढे आता अर्धे आठवत नाहीत, पण एक-तीन-चार-दोन झोपेतून उठवलं तरी सांगेन. ठिणगीच्या पॉइंटची फट मोजायला आमच्याकडे चार ब्लेडी होत्या, दाढीच्या, एकावर एक ठेवलेल्या. त्या अडकून निघाल्या की फट बरोबर. प्लग काढला आणि टोक दुधाच्या चहाच्या रंगाचं असलं तर इंजिन सुखी. काळं काजळीचं असलं तर पेट्रोल जास्त जळतं, पांढरं पडलं असलं तर इंजिन तापतं. ऑईल ताकासारखं झालं तर हेडचं गॅस्केट फुटून पाणी त्यात मिसळलं. इतर मुली रांगोळीचे ठिपके शिकत होत्या त्या वयात मी हे शिकले. रांगोळी मला आजही येत नाही.

बाबांचे कान गेले तसं माझं काम बदललं. शेडच्या तोंडाशी एक उलटा डबा होता, त्यावर बसून मी प्लग घासायची. गिऱ्हाईक बाबांच्या पाठीशी उभं राहून काही बोललं की मी ते बाबांकडे तोंड करून पुन्हा बोलायची, मोठ्यानं, चेष्टा केल्यासारखं. "बाबा, हे काका म्हणते, गाडी सकाळी चोक ओढल्याबिगर उठतच नाही." लोक हसायचे. मला 'मिस्त्रीचा भोंगा' म्हणायचे. म्हणू दिलं. इंजिन चालू करायचं असलं की गिऱ्हाईक सीटवर बसून विचारायचं, मारू का? म्हणजे चावी फिरवून सेल्फ मारू का. बाबांना ते ऐकू जायचं नाही. मी त्यांच्याकडे पाहायची. हात बाजूला काढून घेतला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं, की मी ओरडायची, "मारा." बोट वर झालं नाही तर "थांबा." हा आमचा नियम होता आणि तो कधी बोलून ठरला नव्हता. बोटाकडे पाहायचं हे मला आणि बाबांनाच ठाऊक. बाकीच्यांना वाटायचं पोरगी हौशी आहे.

आणि मग तो पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. लांब दांड्याचा, लाकडी मुठीचा. इंजिन चालू झालं की बाबा पात्याचं टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ दातात धरायचे. डोळे मिटायचे. कान गेले तरी हाडांतून आवाज जातो. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनाच सापडलं होतं. लोकांना वाटे ही मिस्त्रीची लकब आहे, जशी कोणाला विडी चघळायची असते. एकदा त्यांनी तो पुसून माझ्या तोंडात दिला. ग्रीसची चव आणि डोक्यात अख्खं इंजिन. कवटीत कोणी पीठ दळतं आहे असं. मी घाबरून सोडला. ते म्हणाले, "आता समजलं? मले तुयापेक्षा जास्त ऐकू येते." पण दातांनी फक्त इंजिन ऐकू येतं. माणूस येत नाही.

माय शेडमध्ये पाऊल टाकत नसे. ग्रीसच्या वासानं तिचं डोकं चढायचं. खोलीच्या मागच्या बाजूला चूल, तिथं ती भाकरी थापायची, ज्वारीची, आणि जोडीला बहुतेक वेळा पिठल्यासारखं चून नाहीतर अंबाडीची भाजी. येणारे-जाणारे म्हणायचे मिस्त्रीच्या घरच्या भाकरीला पेट्रोलचा वास येतो. आम्हाला कधी आला नाही. माय भिंतीच्या पलीकडून सगळं ऐकायची, मारू का, मारा, थांबा, दिवसभर. पण पाहायची नाही. हे मी आत्ता मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मी पंधरा-सोळाची झाले आणि कळमेश्वरच्या बाजूचं एक स्थळ आलं. संत्र्याची बाग, दोन विहिरी, मुलगा एकटा. मायनं ते धरून ठेवलं. बाबा काही बोलत नव्हते. हो नाही, नाही नाही. माय रोज त्यांच्यासमोर बसून ओठ हलवून हलवून सांगायची आणि ते भाकरीकडे पाहत राहायचे. ओठ पाहिलेच नाही तर ऐकायची सक्ती नाही, ही एक सोय बहिऱ्याला असते. शेवटी एका दुपारी मीच त्यांच्यासमोर उभी राहिले. ते कार्ब्युरेटर उघडून बसले होते, जेटमधला कचरा फुंकून काढत.

"मी गेल्यावर कोण ऐकन तुमच्यासाठी?"

त्यांनी जेट उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून पाहिलं. "दात आहेत ना," ते म्हणाले.

"अन् गिऱ्हाईक? तेही दातात धरसान का?"

ते हसले नाहीत. जेट पुन्हा बसवला, पेच आवळला आणि म्हणाले, "तुया मायले जे करायचं ते करू दे."

मायचा बेत असा होता. पाहुण्यांना कळू द्यायचं नाही. बापाचा बहिरेपणा म्हणजे पोरीच्या रक्तात आहे असं लोक धरतात, आणि खोटं नाही, तेव्हा धरायचेच. त्यात ही गोष्ट कळमेश्वरला पोचली म्हणजे वाडीतही पोचणार, मग शेडला कुलूप. म्हणून पाहुणे येतील तेव्हा बाबांनी मायच्या शेजारी बसायचं, मान हलवायची. काही विचारलं तर माय बोलेल. ते स्वभावानं कमी बोलतात असं आधीच सांगून ठेवलं होतं. मला बजावलं होतं की मी त्या दिवशी भोंगा व्हायचं नाही. मुलगी पाहायला आलेल्यांसमोर मुलीनं नाव सांगायचं, मान खाली ठेवायची, बस.

वैशाखातली दुपार होती. आमच्याकडचा वैशाख म्हणजे टिनावर पाणी शिंपडलं तर ते खाली पोचायच्या आधी वाळतं. सकाळी मायनं माझे हात राखेनं घासले, मग लिंबानं, मग पुन्हा राखेनं. नखांतलं काळं गेलं नाही. मला नवं जांभळं लुगडं नेसवलं. बाबांना धुतलेला सदरा. पोहे, पन्हं तयार. आणि पाहुण्यांची गाडी आमच्या दारापर्यंत आली ती वाफ सोडत. फाटकाशी दोन आचके दिले आणि बंद पडली. तिघं उतरले: मुलाचा काका, मुलाची आत्या, आणि त्यांच्या घरचा जावई, ज्याची ती गाडी होती. मुलगा आला नव्हता, तो पुढच्या खेपेला येणार होता. त्यांनी गाडी ढकलत शेडच्या तोंडाशी असलेल्या कडुलिंबाच्या सावलीत आणली. काका घाम पुसत हसले, म्हणाले, सोयरीक मिस्त्रीच्या घरची करून राहिलो हे गाडीला कळलं. बाबांनी त्यांचं हसू पाहून हसून घेतलं, आणि कोणी काही सांगायच्या आत बाही वर सारून बोनेट उघडलं. वाफेला कान लागत नाहीत, डोळे पुरतात.

माय माझ्या कानाशी कुजबुजली, "बरंच झालं वं. आता त्याइले घरात बसा लागत नाही."

खरंच सुटल्यासारखं वाटलं. काका आणि आत्या खोलीत सतरंजीवर बसले, मी त्यांच्यासमोर, दाराकडे पाठ करून. माय चुलीपाशी. जावयांना आत या म्हटलं तर ते म्हणाले मी गाडीजवळच बरा. जावयाला दोनदा कोण म्हणणार? त्यांना सावलीत पन्हं नेऊन दिलं.

आता मला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. आत्यानं नाव विचारलं, सांगितलं. मागे बाबांनी ओलं पोतं टाकून रेडिएटरचं झाकण काढलं, ते सुस्कारलं. आत्यानं विचारलं सैपाक येते का. हो म्हटलं. मागे बादलीतून पाणी ओतलं जात होतं, थोडं थोडं, गरम इंजिनवर एकदम थंड पाणी घातलं तर ते तडकतं म्हणून. नंतर चिंधी पिळल्याचा आवाज. मी मनात म्हटलं, पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळलं. उन्हाळ्यात या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. पंप इंजिनला चिकटून, इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. पेट्रोल असून गाडी उपाशी मरते. फडकं ओलं करून ठेवलं, वाट पाहिली, की आपोआप उठते. पण रेडिएटर का उकळला? पाणी तर भरून निघाले असतील.

"हात दाखव बाई," आत्या म्हणाली.

मी हात पुढे केले. तिनं बोटं धरली, उलटी केली, नखं पाहिली. काका पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते, त्यांनीही पाहिलं.

"हे काय वं काळं?"

चुलीपासून माय बोलली, "सकाळपासून काळ्या बुडाची भांडी घासून राहिली होती ना जी."

आत्यानं बोटं सोडली नाहीत. अंगठ्यानं ती माझ्या बोटाचा घट्टा दाबून पाहत होती. भांड्यांनी तिथं घट्टा पडत नाही हे तिला कळलं असावं. तिनं मान वर करून मायकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. मागे पाना नटावर बसला. तो नट मला आवाजानं कळला, डायनामोचा. म्हणजे पंख्याचा पट्टा ढिला होता. पट्टा ढिला तर पंखा नीट फिरत नाही, पंखा फिरला नाही तर पाणी उकळतं, पाणी उकळलं तर पंप तापतो. बाबांना मुळाशी सापडलं होतं. आता ते पहारीनं डायनामो बाहेर रेटतील, नट आवळतील आणि पट्टा बोटानं दाबून पाहतील, किती दबतो ते. मला आठवतं, मला बरं वाटलं. आत्याच्या हातात माझी बोटं होती आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात जावयांनी सीटवरून विचारलं, "मारू का जी मिस्त्री?"

माझ्या जिभेवर शब्द आला. सवयच ती. दातांखाली धरला. मला बाबांचं बोट दिसत नव्हतं.

बाहेर पहार डायनामोवर घासली. पुन्हा आवाज आला, या वेळी मोठा. "मिस्त्री! सेल्फ मारू का?"

काकांचा हात पोह्यांवर थांबला. ते दाराकडे पाहू लागले, दोनदा विचारलेलं उत्तर का येत नाही असं. मायनं ते पाहिलं. ती चुलीपाशी उभी राहिली, आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडून जे ऐकत आली होती ते मोठ्यानं म्हणाली, "मारा, मारा."

तिला वाटलं तिनं झाकून घेतलं. तिनं बोट कधी पाहिलंच नव्हतं.

मी कशी उठले ते आठवत नाही. आत्याच्या हातातून बोटं ओढली तेव्हा तिची बांगडी फुटली हे तिनं नंतर सांगितलं. दारात लुगडं पायात आलं, ते उचलून धरून पळाले. ओरडून उपयोग नव्हता, ज्याला ऐकायचं त्याला ऐकू येत नव्हतं. सेल्फ घरघरला. बाबा बोनेटमध्ये वाकलेले, हात आत. मग त्यांचा आवाज आला. त्यांना स्वतःलाही तो ऐकू आला नसेल, म्हणून तो इतका मोठा होता. मी खिडकीतून हात घालून त्या परक्या माणसाचं मनगट धरलं आणि चावीवरून खेचून काढलं. इंजिन अजून धरलं नव्हतं. फडक्यानं पंप गार झाला होता, अजून एक फेरा मिळाला असता तर धरलं असतं, आणि मग बोट नाही, हात गेला असता. हे मी नंतर रचून सांगत नाही. तेव्हाच कळत होतं.

बोट पट्टा आणि पुलीच्या मध्ये होतं. उजव्या हाताचं पहिलं. बाबा ओढत होते. मी त्यांच्या समोर जाऊन, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून म्हटलं, ओढू नका. त्यांनी ओढणं थांबवलं. मी पंखा दोन्ही हातांनी धरून उलटा फिरवला, हळू, जेवढा जायचा तेवढाच, आणि बोट सुटलं. जे सुटलं ते पाहून जावई गाडीचं दार धरून खाली बसले.

"मी विचारलं ना जी," ते म्हणत होते. "दोनदा विचारलं. आवाज आला ना मारा म्हणून. कोण म्हटलं मारा?"

काका बाहेर आले होते, आत्या त्यांच्यामागे. माय दारात होती, हातात हळदीचा डबा. सगळे तिच्याकडे पाहू लागले. वाडीतला रोजचा गोंगाट चालूच होता, एक ट्रक मागे घेत होते, कोणी तरी आने दो, आने दो ओरडत होतं. माय उंबऱ्यातून खाली उतरली. आयुष्यात पहिल्यांदा ती शेडच्या तोंडाशी, उघड्या इंजिनपाशी आली.

"मी म्हटलं," ती म्हणाली. "त्याइले ऐकू येत नाही."

काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, "अन् हे सांगितलं काहून नाही?"

मायनं हळदीचा डबा उघडला. फडक्यानं ती बाबांच्या हातावर हळद दाबत होती. फडकं लाल होत होतं. मला एवढंच दिसत होतं की रक्त थांबत नाही आणि शहरातला दवाखाना दूर आहे. गोडाऊनचे ट्रक माल उतरवत अडकलेले, दुसरी गाडी नाही. होती ती हीच, उघड्या बोनेटची.

"मंग बोलसान," मी काकांना म्हटलं. "पयले गाडी."

पाहायला आलेल्या मुलीनं मुलाच्या काकांना असं म्हणायचं नसतं. तेव्हा कोणी टोकलं नाही. मी पदर खोचला. पहार घेतली, डायनामो रेटला, नट आवळला. पट्टा दाबून पाहिला आणि दाबताना जावयांकडे पाहत राहिले. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, चावीपासून लांब. रेडिएटरचं झाकण लावलं. पंपावरचं फडकं पुन्हा ओलं केलं. बाबा उलट्या डब्यावर बसले होते, माझ्या जागेवर, गुंडाळलेला हात छातीशी धरून. चेहरा राखेसारखा झाला होता पण डोळे माझ्या हातांवर होते. डाव्या हातानं त्यांनी पेचकस मागितला. मी दिला. ते उठले, चालत आले, आणि त्या सगळ्यांसमोर मूठ दातात धरून टोक इंजिनवर टेकवलं.

आता पाहणाऱ्यांना कळत होतं ते कशासाठी आहे. आत्यानं तोंडाला पदर लावला. काका दुसरीकडे पाहू लागले, जशी कोणी उघड्यावर आंघोळ करत असलं की आपण नजर वळवतो.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तो गुंडाळलेला हात छातीपासून काढला आणि वर केला.

"मारा," मी म्हटलं.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या हाताकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "मारू?"

"मारा."

सेल्फ घरघरला, एकदा, दोनदा, पंपात पेट्रोल चढायला लागतो तेवढा वेळ, आणि इंजिन धरलं. आधी तीन सिलिंडरवर, लंगडत, मग चौथंही आलं. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांनी पेचकस काढला आणि मान हलवली. मग पाय गेले त्यांचे. काकांनीच धरलं, ते सांगायला हवं. काका आणि जावई दोघांनी मिळून त्यांना मागच्या सीटवर निजवलं. मी पुढे बसले. काका आणि आत्या मायजवळ घरीच राहिले, त्यांच्याजवळ गाडी नव्हती, जाणार कुठे? नागपूरपर्यंत मी जावयांकडे पाहिलं नाही, बाबांकडेही पाहिलं नाही. मी इंजिन ऐकत होते. काट्याकडे पाहायची, तापतं का, आणि ऐकायची. रस्ता कसा होता, ऊन कसं होतं, मला काही सांगता येणार नाही. झडपांची टिकटिक थोडी जास्त होती, ते सांगता येईल.

डॉक्टरांनी वरचं पेर काढलं. उरलेलं वाचलं.

मुलाकडून निरोप आला तो पंधरवड्यात. मुलगी चांगली आहे, कामाची आहे, पण घराण्यात बहिरेपण आहे. मायनं तो ऐकला आणि परातीत पीठ घेतलं. रडली नाही. मलाही रडू आलं नाही. मुलगा कसा दिसायचा हे मला आजपर्यंत माहीत नाही, तेव्हा रडायचं कोणासाठी? मला लोक आता विचारतात की वाईट वाटलं असेल. वाईट वाटलं ते पोह्यांचं. परत येऊन पाहिलं तर अर्धं पातेलं तसंच होतं आणि उन्हानं आंबलं होतं.

वाडीत सगळ्यांना कळलं. काही गिऱ्हाइकं गेली, जायचीच होती. एकानं जाताना बाबांच्या समोर उभं राहून मोठ्यानं विचारलं, मिस्त्री, इतके वर्ष माया गाडीचं काय ऐकत होता गा? बाबांनी पेचकस दाखवला. तो गेलाच, पण हसून गेला. राहिली ती यासाठी की गाड्या बऱ्या होऊन जात होत्या, आणि बाकी गॅरेजवाले डिझेलचे. मी आता डब्यावर बसत नव्हते, बोनेटमध्ये होते. बाबांना उजव्या हातानं बारीक काम जमत नव्हतं. ब्लेडी मी लावायची. लपवायला काही उरलं नाही त्यामुळे मी भोंगाही राहिले नाही. गिऱ्हाइकं स्वतःच बाबांसमोर उभी राहून, तोंड उघडून, सावकाश बोलायला शिकली. इतकी सोपी गोष्ट होती. माय त्यानंतर रोज शेडमध्ये येऊ लागली, दुपारची भाकर घेऊन. डोकं दुखायचं म्हणे, तरी यायची. आली की आधी बाबांचे हात कुठे आहेत ते पाहायची.

माझं लग्न पुढे झालं, वाडीतल्याच टायरवाल्याशी. गॅरेजपासून चार घरं. अट एकच घातली होती, मी शेड सोडणार नाही, आणि ती त्यानं मोडली नाही. बाबांचे म्हातारपणी दात गेले तेव्हा ते पेचकसाची मूठ कपाळाला टेकवायचे. म्हणायचे, ऐकू कमी येते, पण येते. आता माझ्या नातवाच्या गाडीचं बोनेट उघडलं तर काळं झाकण दिसतं आणि आवाज येतच नाही. मी त्याला म्हणते, हिचं काही दुखत असलं तर तुला कसं कळेल? तो म्हणतो समोर काचेखाली दिवा लागतो.

ते जावई मात्र येत राहिले. पहिल्यांदा आले ते त्या वर्षीच्या दसऱ्याच्या पुढेमागे. सासरच्यांना सांगून आले की न सांगता, मी विचारलं नाही. गाडी कडुलिंबाखाली लावली, उतरून बाबांसमोर उभे राहिले, तोंड हलवलं, आणि काही सुचलं नाही म्हणून नुसतं म्हणाले की झडपा वाजून राहिल्या. मला माहीत होतं, मी ऐकल्या होत्या. त्यानंतर ती गाडी विकेपर्यंत ते दुसऱ्या कोणाकडे गेले नाहीत. सीटवर बसले की दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. मारू का असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. बाबा हात बाहेर काढायचे आणि ते अर्धं बोट वर करायचे. मी 'मारा' म्हणायची, तरी ते चावीला हात लावत नसत. वाकून, काचेतून, स्वतःच्या डोळ्यांनी ते अर्धं बोट पाहायचे, आणि मगच.